चाकांवाचून फटफटी

अमेरिकेतील आयडाहो संस्थानात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मातीत उडवायची एक जुनी फटफटी विकत घेतली आणि प्रथम तिची दोन्ही चाके काढून टाकली! पुढे रुंद स्की, मागे दातेरी रबरी पट्टा. झाले बर्फावरचे वाहन. असे संच करणारी टिंबरस्लेड ही पेढी त्याच संस्थानातील सँडपॉइंटची. 2015 साली ती पोलॅरिस कंपनीने घेतली.

फटफटी निवडताना त्याने 450 घनसेंटिमीटरचे इंजिन पसंत केले, ते योग्यच. पट्टा ओढण्यात बरीच शक्ती खर्ची पडते. शिवाय डोंगरावर विरळ हवेमुळे दर हजार फुटांमागे ती सुमारे 3 टक्क्यांनी घटते. गंमत पुढेच आहे. जे इंजिन तापू नये म्हणून रचनाकारांनी जिवाचे रान केले, तेच आता गारठू नये म्हणून त्याला थर्मोस्टॅट बसवायचा अन् रेडिएटरवर पांघरूण घालायचे! बाळंतिणीचे तरी याहून अधिक काय करतात?

माझ्या भगिनीला मुलाच्या थंडीची काळजी. मला भय उताराचे. हे सडपातळ वाहन झाडांमधून थेट उभ्या चढणीवर जाते, आणि हिमलोट बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावरच सुटतात. चिरंजीवांनी पाठविलेल्या खर्चाच्या यादीत शेवटच्या खिळ्याचाही उल्लेख आहे. पण गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव सांगणारे बिनतारी यंत्र, शोधकाठी आणि फावडे कोठेच नाहीत. सोबत कोण असते, तेही नाही. उलट टपाली मी एवढेच विचारले आहे.