तुणतुण्याची जाड बाजू

वर्गात एखादा मुलगा गृहपाठ न करण्याची तीच सबब चौथ्यांदा सांगू लागला की मी म्हणतो, "पुरे तुझं तुणतुणं." मुलं हसतात. मराठीने या वाद्यावर तसा अन्यायच केलाय. एक तार, एक सूर, म्हणून कंटाळवाण्या बोलण्याला त्याचं नाव देऊन मोकळी झाली. पण आमच्या तुळजापुरात नवरात्राच्या रात्री संबळ कडाडायला लागला की गोंधळ्याच्या शेजारचा माणूस ते लाकडी नळकांडं काखेत धरून एकच तार छेडत असतो. गाणारा श्वास घ्यायला थांबतो, संबळवाला क्षणभर हात झटकतो, तार मात्र थांबत नाही. ती थांबली तर बाकीच्यांनी परत यायचं कुठे?

ही तुणतुणी माझे अब्बा बनवायचे. म्हणजे धंदा सुतारकीचा: दारं, खिडक्या, बाजा, पूर्वी बैलगाडीची कामं. पण पावसाळा सरत आला की गोंधळी, आराधी मंडळी आमच्या अंगणात चकरा मारू लागत. कुणाची खुंटी फिरत नाही, कुणाचं कातडं फाटलेलं, कुणाला नवंच पाहिजे. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला या सगळ्याची लाज वाटायची, हे आधीच कबूल करतो. मला मास्तर व्हायचं होतं. बी.एड. झालो, उर्दू आणि मराठी शिकवू लागलो, आणि अब्बांच्या हयातीत त्यांच्या पटाशीला एकदाही मनापासून हात लावला नाही. ते गेल्यावर घरामागची पत्र्याची खोली भाड्याने द्यायची ठरलं. सामान काढायला म्हणून आत गेलो, आणि आज आठ वर्षं झाली, खोली भाड्याने गेलेली नाही.

ज्यांनी तुणतुणं जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आतून पोखरलेलं लाकडाचं नळकांडं, अब्बांच्या मापाने दहा इंच उंच, सहा इंच रुंद. वरून उघडं, खालच्या तोंडाला बकरीचं कातडं. बाहेरून एका बाजूला बांबूची काठी पक्की केलेली, तिच्या टोकाला खुंटी. खुंटीवरून निघालेली तार नळकांड्याच्या पोटातून खाली उतरते, कातड्याच्या मधल्या भोकातून बाहेर पडते आणि तिथे एखाद्या बटणाला किंवा लाकडाच्या चकतीला अडकवलेली असते. खुंटी पिळली की तार ताणते, कातडं वर ओढलं जातं. बस, एवढंच. सतारीसारखे पडदे नाहीत, घोडी नाही. मलाही वाटलं होतं, एवढंच.

लाकूड अब्बा कडुनिंबाचं घेत. वाळवी लागत नाही आणि आमच्याकडे सहज मिळतं. पण घाईने वाळवलं तर हमखास तडकतं, म्हणून ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेणमातीचा लेप देऊन ते सावलीत टाकत आणि दोन-दोन वर्षं विसरून जात. कातडं बकरी ईदचं. मीठ लावून, चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस खरवडून, फळीवर ताणून वाळवलेलं. कुर्बानीच्या जनावराचं कातडं विकून ते पैसे स्वतःसाठी ठेवता येत नाहीत. वापरा नाहीतर देऊन टाका, असा आमच्यात नियम आहे. म्हणून अब्बा गिऱ्हाइकाला हिशेब सांगताना लाकूड आणि मजुरी धरत, कातडं कधीच नाही. देवीच्या गोंधळ्यांना हे कातडं कुठून येतं ते पक्कं ठाऊक होतं. त्यावर कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. प्रश्न नंतरच्या काळातले आहेत. मशिदीतून बाहेर पडताना एका बुजुर्गांनी मला विचारलं होतं, "सर, उर्दू पढाते और तुनतुने बनाते?" मी म्हटलं, "अब्बा भी बनाते थे." त्यांच्या लग्नातला पलंग अब्बांच्या हातचा. ते गप्प झाले.

तीन वर्षांपूर्वी, गणपती बसायच्या सुमाराला, गल्लीतले एक गोंधळी मामा तुणतुणं घेऊन आले. कातडं फाटलं होतं. "तुमच्या अब्बाच्या हातचं हाय मास्तर, जपून." तोवर मी चार-पाच तुणतुणी केली होती, त्यातली दोन वाजतही होती. जुनं कातडं सोडवलं आणि पहिल्यांदाच अब्बांचं काम आतून पाहिलं. भिंत सारखी नव्हती. एका बाजूला तीन सूत, दुसऱ्या बाजूला चांगली पाच सूत. मला वाईट वाटलं. हे शेवटच्या काळातलं काम असणार, हात थरथरत असतील, नजर गेली असेल. मनात म्हटलं, अब्बांची चूक लोकांपुढे कशाला राहू द्यायची? गोल पटाशी घेतली आणि दोन संध्याकाळी खपून ती जाड बाजू तासून तीन सूत केली. मग कानस, मग पॉलिश पेपर. आतून असं गोल गुळगुळीत झालं की माझाच मी खूश.

कातडं चढवलं, सुकू दिलं, काठी स्क्रूने पुन्हा आवळली. तार ओढून खुंटी पिळत गेलो. सूर वर चढला, अजून थोडा, आणि एक बारीक 'टक्' असा आवाज झाला. वरच्या स्क्रूच्या भोकापासून सुरू झालेली चीर माझ्या डोळ्यांदेखत रेषेरेषेने खाली कातड्याच्या काठापर्यंत गेली.

मामांना दोन दिवस तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी ते आले, चीर बघितली, नख घालून बघितली. रागावले असते तर बरं झालं असतं. "नवरात्रात उसनं वाजवतो आता," एवढंच म्हणाले. त्या वर्षी घटस्थापनेपासून मी देवळाच्या बाजूला फिरकलोच नाही.

दिवाळीच्या सुटीत ते फुटकं तुणतुणं पिशवीत घालून मी मिरजेला गेलो. एसटीने सोलापूर, मंगळवेढा, सांगोला करत. मिरज का, तर हातातल्या वस्तूचं काय चुकलं हे सांगणारी माणसं मला दुसरीकडे माहीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिथल्या कारागिरांबद्दल मला उर्दूच्या मास्तराचं म्हणून एक वेगळं आकर्षण होतं. ही घराणी मूळची शिकलगारांची. शब्द फारसीतून आलाय: सैक़लगर, म्हणजे शस्त्रांना पाणी देऊन चकाकी आणणारा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा पटवर्धन संस्थानातल्या फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन शिकलगार या भावांनी तंबोऱ्याच्या कामाला हात घातला. पुढे लोकच त्यांच्या वंशजांना सतारमेकर म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. धंद्याबरोबर आडनाव बदलणारी माणसं मला फार आवडतात. उर्दूत वाद्याला 'साज़' म्हणतात, आणि हाच शब्द मागे लावला की 'बनवणारा' असाही अर्थ होतो: घड़ीसाज़, जिल्दसाज़. फारसीत त्याच्या मुळाशी 'घडवणे' हेच क्रियापद आहे. मराठीत आला तो दागिना होऊन, कोल्हापुरी साज. वर्गात हे सांगताना मी दरवेळी जरा जास्तच रंगतो.

मिरजेच्या त्या गल्लीत दारादारात भोपळे टांगलेले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून येतात, चवीला कडू, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. पाण्यात भिजवून, कापून, आत काटक्यांचा टेकू देऊन त्यांना आकार देतात. मग लाकडाचा गळा, तुणीच्या लाकडाची दांडी, वर झाकायला तबली. एक म्हातारे कारागीर तबलीला बोटाच्या पेराने ठोकत होते, ऐकत होते, आणि रंध्याचा एक हात इकडे, दीड हात तिकडे मारत होते. पट्टी, फुटपट्टी काही नाही. दुसरा एक जण घोडीवर कानस फिरवत होता. तारेखालचा तो हाडाचा पृष्ठभाग नजरेला सपाट दिसतो, पण त्याला सूक्ष्म उतार असतो. तार त्यावर घासत थरथरते म्हणून तंबोरा गुंजतो; त्यालाच जवारी म्हणतात. अगदी सपाट केली तर तंबोरा मुका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात ही गल्ली सगळ्यांनी वाचली असेल.

मी पिशवीतून तुणतुणं काढलं. मला वाटलं होतं हसतील. एवढ्या मोठ्या वाद्यांच्या घरात हे काय आणलं म्हणून. म्हाताऱ्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, वरच्या तोंडातून आत पाहिलं आणि विचारलं, "काठी कौनसी बाजू थी?" मी बोट ठेवलं. त्यांनी अंगठ्याने तिथली भिंत दाबली, मग समोरची, मग माझ्याकडे पाहिलं. "किसने तासा?"

मी म्हटलं, मीच.

पुढे त्यांनी काही समजावलं नाही, चहा मागवला. समजायचं ते मला चहा येईपर्यंत समजलं होतं. तार ताणली की ती काठीचं टोक आत ओढते आणि काठी आपल्या स्क्रूंवर उचकटायला बघते. सगळा भार त्या एका बाजूवर. अब्बांनी जाड ठेवलेली बाजू तीच. कडेला काठी, मधोमध तार. असल्या वाद्याची भिंत सारखी असून कसं चालेल? मी कच्च्या हाताचं काम समजून जे तासून टाकलं ते त्यांनी हिशेबाने ठेवलं होतं. लहानपणी ते मला ओरडायचे ते आठवलं: "पट्टी नक्को देख, लकडा देख." मी पट्टी लावूनच बघितलं, त्यांच्या माघारीसुद्धा.

गाडीला वेळ होता म्हणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन बसलो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथेच दफन आहेत. 1937 साली गेले. उरुसात त्यांच्या आठवणीने अजून गाणं होतं. गाण्याइतकाच वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांना रस होता म्हणतात. मी फातिहा पढलो आणि निघालो.

घरी माळ्यावर अब्बांनी वाळत टाकलेले कडुनिंबाचे दोनच ओंडके शिल्लक होते. पहिला मी पोखरताना बिघडवला. गिरमिटाने मधोमध भोक पाडून बाहेरच्या बाजूला सरकत जायचं असतं, तर एका ठिकाणी पटाशी रेषेत शिरली आणि टवका उडाला तो बाहेरपर्यंत. त्या दिवशी मुलगी खोलीच्या दारात उभी होती. काही न बोलता निघून गेली आणि बायकोला म्हणाली, "अब्बूकू आज कुछ मत बोलो." दुसऱ्या ओंडक्याला महिनाभर हात लावायची हिंमत झाली नाही. मग मे महिन्याच्या सुटीत, रोज सकाळी उन्हं तापायच्या आत तासभर, असा तो पोखरला. आधी काठीची बाजू ठरवून खडूने फुली मारली आणि तिकडे पाच सूत ठेवलं. बाकीची भिंत तीन सुतांपर्यंत आणताना मोजणं सोडून ठोकून ऐकत गेलो. आवाजातला फरक मला कळत होता असा दावा नाही. कधी कधी कळतोय असं वाटायचं.

नवरात्राच्या आधी मामांना दिलं. त्यांनी काखेत धरलं, तार पिळली, कान लावला, पुन्हा पिळली. मी श्वास धरून त्या वरच्या स्क्रूकडे बघत होतो. "जरा उंच बोलतंय," मामा म्हणाले, "पण बोलतंय." कोजागिरीनंतर परत घेऊन आले, रात्रभर दवात वाजवून कातडं सैल पडलं होतं. ते बदलून दिलं. भिंत शाबूत होती.

त्याच वेळी धीर करून विचारलं, "मामा, ते जुनं फुटकं माझ्याकडं राहू द्या. अब्बांचं आहे."

"अब्बाचं कसं?" मामा नवं तुणतुणं पिशवीत घालत म्हणाले. "लाकडाचे पैसे मोजून दिलेत मी. कातडं तेवढं फुकट होतं, ते तू काढून घेतलंसच की."

जुनं मी कपाटावरून काढून दिलं. चिरेला तांब्याची तार गुंडाळलेलं, तेही ते घेऊन गेले.