पाचांतले तीन

काल दोघी विद्यार्थिनी वाद घालतच आल्या. दोघींनी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांचा आरंभबिंदू, ४२ दिलेलं, पुढची ओळ अक्षरशः तीच, तरी सॅम्पल या आज्ञेने काढलेले आकडे वेगळे. मी आधी टायपिंगची चूक शोधली. नव्हती. मग आवृत्ती विचारली. एकीच्या लॅपटॉपवर ३.५, दुसरीच्या ४.३. तिथेच उलगडा झाला. एप्रिल २०१९ मध्ये ३.६.० आली, तेव्हा सॅम्पलची आतली रीत बदलली.

*

का बदलली, ते फळ्यावर मांडलं. 'आर'चा नेहमीचा यादृच्छिक आकडा ३२ बिटांचा, म्हणजे शक्यता ४,२९,४९,६७,२९६. त्याच्या दोन-पंचमांश, सुमारे १७२ कोटी, चिठ्ठ्यांतून एक काढायची आहे असं समजा. जुन्या रीतीत दर दोन चिठ्ठ्यांच्या वाट्याला पाच शक्यता येतात. पाचांचे दोन सारखे वाटे होत नाहीत. एकीला तीन, दुसरीला दोन. आणि तीन मिळतात त्या नेमक्या विषम क्रमांकाच्या चिठ्ठीला. दहा लाख वेळा काढून पाहा, सहा लाखांच्या आसपास विषम येतील. शंभर-दोनशे चिठ्ठ्यांत हा पक्षपात इतका बारीक असतो की जाणवतही नाही.

*

दोष दाखवला केली ऑटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी. दुरुस्तीचा कोड डंकन मर्डॉक यांचा. नवी रीत साधी आहे. सहा चिठ्ठ्या असतील तर तीन बिट घ्यायचे. ० ते ५ आले तर ठेवायचे, ६ किंवा ७ आले तर टाकून पुन्हा काढायचे. थोडे आकडे वाया जातात, पण कुणाला झुकतं माप मिळत नाही.

*

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. जुनी रीत 'आर'वाल्यांनी पुसली नाही. 'राउंडिंग' असं सांगितलं की ती आजही चालते, फक्त इशारा देते. चुकीच्या रीतीवर उभे असलेले जुने निकाल पडताळायचे तर ती रीत हाताशी हवीच. दुरुस्ती करणाऱ्याने मागच्यांची एवढी काळजी घ्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ऑकलंडमध्ये 'आर' लिहायला घेतलं. १९९५ मध्ये मार्टिन मेखलर यांच्या आग्रहावरून त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला. सॅम्पल आत काय करतं हे कुणालाही वाचता येतं, ते त्यामुळे.

*

आवृत्तीबरोबर वागणं बदलल्याचं आणखी एक उदाहरण, २०२० ची ४.०.०. तक्त्यातला मजकूर आपोआप फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचा स्तंभ, होणं थांबलं. वर्षानुवर्षं मी प्रत्येक वर्गात त्याबद्दल बजावत होतो.

*

असा एखादा दोष, म्हणजे बग, आपल्याला सापडला आणि कळवायचा तर: आपली चाळीस हजार ओळींची फाइल पाठवू नये. पाच ओळींचा तक्ता हाताने तयार करावा, त्यावर तीच चूक येते का पाहावं, सेशनइन्फो या आज्ञेने मिळणारा आवृत्तीचा मजकूर जोडावा. निम्म्या वेळा तक्ता लहान करतानाच चूक आपली होती हे कळतं. उरलेल्या वेळी समोरच्याला ती लगेच आपल्या संगणकावर घडवून पाहता येते. पुन्हा घडवता न येणारी चूक कुणी दुरुस्त करू शकत नाही.

*

कालच्या दोघींनी शेवटी जुनी रीत मागून सीड पुन्हा दिलं. आकडे जुळले. प्रबंधात सीड लिहिता, तशी शेजारी 'आर'ची आवृत्तीही लिहा.