पुळणीमागचें घर

माझा पुतण्या पुण्यास वास्तुशिल्पज्ञ आहे. गेल्या दिवाळींत तो नकाशांची गुंडाळी बगलेंत मारून श्रीवर्धन तालुक्यांतील आमच्या गांवीं आला, आणि जुन्या घराचा जो भाग अद्याप उभा आहे त्याच्या ओटीवर ती पसरून म्हणाला, "काका, सुटींत सर्वांना येऊन राहतां येईल असें एक नव्या पद्धतीचें घर वाडींत बांधूं या. काँक्रीटचें." शेवटचा शब्द त्यानें अंमळ हळू उच्चारला, कारण त्या पदार्थाशीं असलेलें माझें वैर त्यास ठाऊक होतें.

तें वैर अकारण नव्हतें. १९९४ सालीं मीं स्वयंपाकघरावर स्लॅब घातली. गवंडी म्हणाला, "गुरुजी, वाळू तर दारांत पडली आहे, नदीची विकत कशाला आणतां?" शिक्षकाचा पगार तो केवढा! मला तें पटलें. पंधरा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच सळ्या फुगल्या आणि एके दिवशीं थाळीएवढी खपली माझ्या पत्नीच्या पाटावर कोसळली. ताक आणावयास म्हणून ती नुकतीच उठली होती, एवढेंच आमचें दैव. पुढें स्लॅबला लांकडी टेकू दिले, आणि आजोबांच्या चिऱ्याची थोरवी मी गांवभर सांगत सुटलों.

नंतर ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलें. माजघरावरचीं कौलें पानांसारखीं उडालीं, वासे गेले, आणि आजोबांच्या चिऱ्याच्या दोन भिंती माझ्या डोळ्यांदेखत बसल्या. आम्हीं उभयतांनीं ती दुपार कोठें काढली म्हणाल, तर टेकू दिलेल्या त्याच स्लॅबखालीं. पत्नी म्हणाली, "आज तरी हिला कांहीं बोलूं नका."

पुतण्यानें मला समजावून सांगितलें कीं, दोष काँक्रीटचा नव्हे, मिठाचा. सिमेंटमुळें लोखंडावर एक पातळसें संरक्षक कवच येतें. समुद्राच्या वाळूंतील क्षार तें भेदतात. मग लोखंड गंजतें, गंज मूळच्या लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आणि आंतून फुगून काँक्रीट फोडतो. किनाऱ्याच्या हवेंत उघडें राहणारें काम किमान एम ३० प्रतीचें असावें व सळ्यांवर किमान ४५ मिलिमीटर आवरण असावें, असें भारतीय मानक ४५६ मध्यें छापलेलेंच आहे. माझ्या स्लॅबखालीं तें बोटभरही नव्हतें. चाळीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या. ही माझी चूक दाखविणारा निघाला तो मीं ज्यास पाढे शिकविले तोच!

एवढें मान्य केल्यावर मीं नकाशा नीट पाहिला, आणि आमचें खरें भांडण तेथें जुंपलें. समुद्र दिसावा म्हणून त्यानें घर थेट वाळूच्या टेकाडावर काढलें होतें, आणि टेकाडाचा माथा पुरुषभर उतरविला होता. पुळण हा शब्द संस्कृत 'पुलिना'पासून आला. पण आमच्या लेखीं पुळण म्हणजे नुसती वाळू नव्हे, ती भिंत आहे. वडिलांनीं आम्हांला तिच्यावरची मर्यादवेल कधीं उपटूं दिली नाहीं. उधाणाचें पाणी वाडींत आलें नाहीं तें या टेकाडामुळें, असें ते म्हणत. कायदाही आतां तेंच म्हणतो: किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेंत वाळूचीं टेकाडें सर्वांत अधिक संरक्षण असलेल्या वर्गांत आहेत.

पुतण्यानें आपल्या पुष्ट्यर्थ अर्जेंटिनांतील मार अझुल येथील घरांचीं चित्रें दाखविलीं. पाइनच्या दाट झाडींत उघड्या काँक्रीटचीं बैठीं घरें. साच्याच्या फळ्यांच्या रेघा भिंतींवर तशाच ठेवलेल्या. घरें सुंदर आहेत, हें मला कबूल केलें पाहिजे. परंतु मीं विचारलें, "हीं झाडें आलीं कोठून?" तेव्हां त्यानेंच सांगितलें कीं, त्या भागांत कार्लोस गेसेल नांवाच्या गृहस्थानें १९३१ सालीं ओसाड वाळू विकत घेतली, आणि सरकती वाळू स्थिर करण्यासाठीं वर्षानुवर्षें झाडें लावलीं. मी म्हणालों, "म्हणजे त्यांनीं आधीं वाळू बांधली, मग घरें. तूं आधीं वाळू काढणार!" तो बराच वेळ गप्प राहिला. रात्रीं त्याच्या खोलींतला दिवा उशिरांपर्यंत जळत होता.

दुसरा नकाशा त्यानें माघांत आणला. घर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरांच्या अलीकडे, वाडींत, पडलेल्या माजघराच्या जागीं आलें. वादळांत सुरूचें बन आडवें झालें, पण मागची उंडी हलली नाहीं. तिच्या फळांच्या कडू तेलावर माझ्या आजीचे दिवे जळत. तिला मध्यें घेऊन तीन बाजूंनीं खोल्या काढल्या आहेत. सलग पाया खणला तर मुळें तुटतील, म्हणून घर सुट्या खांबांवर उभें राहील. सपाट छप्पर मात्र मीं चालूं दिलें नाहीं. आमच्या पावसाला उतार हवा, आणि भिंती शेवाळानें काळ्या पडूं नयेत म्हणून रुंद पागोळी हवी. वाळू नदीची, पावती दाखवून.

त्यानें माझ्यासाठीं एक खोली काढली आहे व तिच्यावर 'पाहुणे' असें लिहिलें आहे. माझ्याच वाडींत मी पाहुणा! पत्नी हंसली, मला तें हंसण्यासारखें वाटलें नाहीं. मीं पेन्सिलीनें तो शब्द खोडून 'काका-काकू' असें लिहिलें, आणि त्यानेंही कांहीं न बोलतां त्यावर शाई फिरविली.

परवानगीचे कागद अद्याप तालुक्याच्या फेऱ्या घालीत आहेत. पहिल्या नकाशाच्या वेळीं टेकाडाच्या माथ्यावर त्यानें ठोकलेली एक खुंटी तशीच राहून गेली होती. परवां सहज वर गेलों, तर मर्यादवेल तिच्यावर वीतभर चढलेली दिसली. खुंटी काढावी म्हणून वांकलों होतों. तशीच ठेवून खालीं आलों.