कोणत्या किनाऱ्याला जावे?

समुद्रकिनाऱ्याची निवड हा विषय वरवर पाहता साहित्यचर्चेचा नव्हे. तो सहलीच्या माहितीपुस्तिकांचा आणि रविवारच्या पुरवण्यांचा. परंतु निवड म्हटली की निकष आले, निकष आले की अभिरुची आली, आणि अभिरुचीच्या मागोमाग कधीतरी नीतीचा प्रश्नही दाराशी येऊन उभा राहतो. आमच्याकडे तो आला, म्हणून हा प्रपंच.

आम्ही राहतो काशीगावात. मीरा-भाईंदरच्या पूर्वेस, काशीमिऱ्याच्या नाक्यालगत. आमच्या खिडकीतून दिसतात ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि महामार्गावरची अखंड वाहतूक. समुद्र दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. तरीही अर्ध्या दिवसात जाऊन परतता येईल असा किनारा येथून तुटपुंजा नाही. दक्षिणेला मनोरी आणि गोराई, त्यांच्या उत्तरेस उत्तन, पाली आणि चौक, मग वसईच्या खाडीचे मुख, आणि खाडीपलीकडे रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर करीत थेट अर्नाळा. शाळेच्या पुस्तकाने आम्हांस महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरांचा म्हणून पाठ करावयास लावला होता. त्यातला हा एवढासा तुकडा आमच्या वाट्याचा.

‘कोठे जावे?’ या प्रश्नाला घरात सर्वांत आधी येणारे उत्तर म्हणजे ‘जो स्वच्छ असेल तेथे’. हा निकष आता जगन्मान्य आहे. फ्रान्समध्ये १९८५ साली सुरू झालेले ‘ब्लू फ्लॅग’ नावाचे मानांकन पाण्याची शुद्धता, सुरक्षितता, सोयी अशा ३३ कसोट्यांवर किनारे तपासते. २०२५ साली महाराष्ट्रातील पाच किनाऱ्यांना ते मिळाले: डहाणूचा पर्णका, श्रीवर्धन, नागाव, गुहागर आणि लाडघर. आमच्या पट्ट्यातले एकही नाव त्यात नाही. तेव्हा स्वच्छता हाच एकमेव निकष धरला तर प्रश्न चटकन सुटतो, पण त्यासाठी पहाटे निघून रात्री परतावे लागते आणि जवळचा समुद्र तसाच राहतो.

दुसरा निकष आम्हांस जुन्या माणसांकडून मिळाला. तो पंचांगाचा. तिथीच्या आकड्यास तीनने गुणावे व चारने भागावे. येणारे उत्तर ही ढोबळमानाने आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला व अमावास्येला बाराच्या सुमारास. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार बेताची.

या साध्या हिशेबाने एकाच किनाऱ्याचे अनेक किनारे होतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास भुईगावी गेले, तर पाणी दूरवर हटलेले असते आणि ओली पुळण डोळ्यांत मावत नाही. अष्टमीला त्याच वेळी तेथेच गेले, तर समुद्र सुरूच्या झाडांकडे सरकलेला आढळतो आणि चालावयास चिंचोळी पट्टी उरते. दोन माणसे ‘आम्ही भुईगाव पाहिले’ असे म्हणतात, तेव्हा त्यांनी एकच स्थळ पाहिले असेल असे नव्हे.

यात धोक्याची जाणही आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या आसपास पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, आणि ही चढण सर्व वेळ सारख्या गतीने होत नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी जेमतेम सरकल्यासारखे वाटते. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने येते. पौर्णिमेच्या रात्री आठनंतर चांदण्याच्या मोहाने दूर पुळणीवर बसून राहू नये ते याचसाठी. सपाट किनाऱ्यावर समुद्र समोरूनच येतो असेही नाही. मागच्या सखल भागात पाणी आधी शिरते आणि परतीची वाट तेवढ्यात भिजून गेलेली असते.

तर स्वच्छता आणि तिथी. या दोन निकषांवर आमचे बरे चालले होते. तिसरा निकष उत्तनला मिळाला.

उत्तनला जाण्याचा रस्ता भाईंदर पश्चिमेहून मुर्धे, राई, मोर्वे या गावांतून, मिठागरे आणि खारफुटीच्या कडेने डोंगरीवरून जातो. पुढे समुद्र लागतो तो काळ्या खडकांचा आणि होड्यांचा. येथील ख्रिस्ती कोळी पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळ्याने मासे धरीत आले आहेत. डोल म्हणजे मोठी पिशवीच. समुद्रतळाशी रोवलेल्या खांबांना ती बांधतात आणि तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात; मासा पाण्याच्या ओढीने आपण होऊन आत येतो. म्हणून उधाणाचे दिवस कामाचे आणि भांगेचे दिवस विसाव्याचे. ज्या तिथ्या आम्ही फिरण्यासाठी मोजतो, त्याच येथे पोटासाठी मोजल्या जातात.

पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडी उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील सुकू लागतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, एवढीच रीत. गाठ नको की खिळा नको. हे काम बहुतांशी बायकांचे. सहलीला आलेली मंडळी नाकाला रुमाल लावून त्या वलांडींचीच छायाचित्रे घेतात, हेही आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

अशाच एका वलांडीपाशी आम्ही बोंबलांचा भाव विचारला. विकणाऱ्या बाईंनी भाव सांगितला, शेकडा मोजून दिले आणि सहज विचारले, “कुठून आलात?”

“काशीगावहून, मावशी.”

“म्हणजे गाड्या येतात तिकडचे,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

स्वरात राग नव्हता. आडनावावरून गाव ओळखावे तशी ती ओळख होती. गाड्या म्हणजे कचऱ्याच्या. साऱ्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येतो. तेथे लागणाऱ्या आगी, खाली उतरणारा धूर, पावसात झिरपणारे काळे पाणी आणि गावकऱ्यांची आंदोलने हे सारे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून येत असते. आम्ही ते वाचलेलेही होते. पण वाचलेली गोष्ट आपल्या पत्त्यासकट समोर येते तेव्हा तिचे वजन बदलते. आम्ही महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी उत्तनला जात होतो. आमच्या घरातले काहीतरी मात्र रोजच तेथे जात होते.

मग लक्षात आले की, हा किनारा आमच्याआधी अनेकांनी निवडलेला आहे आणि प्रत्येकाचा निकष निराळा होता. चौक गावाजवळ धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने हे ठिकाण घेतले, कारण येथून वसईच्या खाडीच्या मुखावर नजर राहते आणि पोर्तुगीजांची रसद अडते. आज तोच रहिवासी भाग आहे, आणि निवड चालूच आहे. २०२५ च्या मे महिन्यात दहिसर ते काशीगाव या टप्प्यावर मेट्रो ९ ची चाचणी झाली तेव्हा आमच्या वस्तीत स्वाभाविकच आनंद होता. त्याच मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीची टेकडी मुक्रर झाली आणि तेथील हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला त्याच वर्षी स्थानिकांनी कडाडून विरोध केला. स्थानक आमच्याकडे, शेड त्यांच्याकडे. शहर आमच्याकडे, त्याचा उकिरडा त्यांच्याकडे. निवडणाऱ्याला समुद्र हवा असतो तेव्हा हा ‘निसर्गरम्य पट्टा’ असतो, आणि जागा हवी असते तेव्हा ‘मोकळी जमीन’.

यावर कोणी म्हणेल, मग उत्तनला जाऊच नये, खाडीपलीकडे जावे. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाल्याने ते सोपेही झाले आहे. रस्त्याने मोठा वळसा घालावा लागे, तो थोड्या मिनिटांच्या जलप्रवासावर आला. आम्हीही त्या बोटीने वसईला जातो. पण अस्वच्छ म्हणून एक किनारा टाकणे आणि स्वच्छ म्हणून दुसरा धरणे, हा न्याय येथे लागू पडत नाही. जो किनारा आपल्यामुळे मळला, त्याला नापसंत करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न बोटीत बसल्यावरही सुटत नाही.

‘आपला कचरा आपण परत आणावा’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियमही या बाबतीत विचित्र फिरतो. उत्तनच्या खडकावर खाल्लेल्या शेंगदाण्यांची पुडी आम्ही इमानाने पिशवीत घालून काशीगावी आणावी, घरच्या डब्यात टाकावी, आणि तिने गाडीत बसून पुन्हा उत्तनचाच डोंगर चढावा! सहलीचा शिष्टाचार येथे अपुरा पडतो. जे करावयाचे ते निघण्यापूर्वी, स्वयंपाकघरातच करावे लागते.

तूर्त आमचा रिवाज असा झाला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी लांब चालावयाचे असेल तर रानगाव किंवा भुईगाव, आणि अंधारापूर्वी पुळण सोडायची. मनोरी-गोराईला जायचे ते सुटीचा दिवस टाळून. उत्तनला जायचे ते हिवाळ्यात, होड्या रिकाम्या होऊन गडबड ओसरल्यावर, कोणाच्या कामाच्या वाटेत न येता; आणि येताना बोंबील विकत घेऊन. ओला कचरा आता आम्ही गाडीत देत नाही. गॅलरीतल्या दोन माठांत त्याचे खत होते आणि ते कढीपत्त्याला व मोगऱ्याला पुरते. आमच्या एका घराने धावगीचा भार किती हलका होणार, हे गणित तिथीच्या गणिताइतके सुखद नाही. तरी किनारा निवडण्याच्या आमच्या निकषांत त्या माठांचा समावेश झाला आहे, आणि पुढच्या वेळी मावशींनी गाव विचारले तर ते सांगताना जीभ थोडी कमी अडखळेल, एवढी आशा आहे.