भांड्यावरचं नाव

टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये खोलवर कुठेतरी ‘कायदेशीर माहिती’ नावाचं पान असतं. त्यात शेकडो ओळी: लायब्ररीचं नाव, वर्ष, लेखक, खाली परवान्याचा मजकूर. हे पान तयार करणं हे माझं काम. कोणता कोड आपला, कोणता मुक्त सॉफ्टवेअरच्या समूहाकडून घेतलेला आणि घेताना कोणत्या अटी मान्य केल्या, हे शोधायचं. फाइलच्या माथ्यावर परवाना असेल तर स्कॅनर तो ओळखतो. माझा खरा कस लागतो तो माथा उडवलेला असतो तेव्हा. पुरवठादार कधीकधी नुसती बायनरी पाठवतो. तिच्यातली वाचता येणारी अक्षरं बाहेर काढली, की ‘बिझीबॉक्स’ हे नाव आवृत्तीच्या आकड्यासकट समोर येतं. म्हणजे जीपीएल हा परवाना आला, म्हणजे ग्राहकाने मागितल्यावर त्या भागाचा सोर्स कोड द्यायला हवा.

“फुकट दिलंय ना, मग चोरी कसली?” असं नवी मुलं विचारतात. त्यांना मी खेळण्यातल्या रेल्वेचा खटला सांगते.

रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. छोट्या इंजिनांमधल्या चिपा संगणकावरून जुळवता याव्यात म्हणून त्यांनी आणि इतर हौशी मंडळींनी जेएमआरआय हे सॉफ्टवेअर लिहिलं, तेही ‘आर्टिस्टिक’ परवान्याखाली: वापरा, बदला, वाटा, मात्र लेखकांची नावं ठेवा आणि काय बदललं ते सांगा. ओरेगनच्या मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने आपल्या पेटंटच्या आधारे जेकबसनांकडेच दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम मागितली. २००६ मध्ये जेकबसन कोर्टात गेले. पुढे त्याच कंपनीच्या उत्पादनात जेएमआरआयच्या फाइली निघाल्या, लेखकांची नावं गाळलेल्या.

२००७ मध्ये खालच्या कोर्टाने म्हटलं, परवानगी इतकी मोकळी आहे की अट मोडणं हा फार तर करारभंग. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण तसं नव्हतं. करारभंगात नुकसान पैशांत दाखवावं लागतं. किंमतच शून्य, तर नुकसान किती दाखवणार? मग समूहाच्या कोडवरची प्रत्येक अट कागदापुरतीच उरली असती. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किट कोर्टाने तो निर्णय रद्द केला. या अटी म्हणजे परवानगीचीच हद्द आहे. ती ओलांडली तर कॉपीराइटचा भंग. पैसे हाती पडले नाहीत म्हणून कामाला आर्थिक मोल नाही असं होत नाही, हेही कोर्टाने स्पष्ट केलं. २०१० मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झर यांनी एक लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

पुढे यापेक्षा मोठे खटले झाले, तरी माझ्या लेखी हाच मोठा. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात. शेजाऱ्याने विश्वासाने दिलेल्या पातेल्यावरचं नाव घासून काढून ते आपलं म्हणून विकणं आणि फाइलीच्या माथ्यावरची ओळ पुसणं, यांत मला फरक दिसत नाही. फुकट कोड लिहिणाऱ्याने मागितलेला मोबदला तेवढाच असतो.

पण कायद्याची धाव इथपर्यंतच. २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा जगातल्या कितीतरी बँका आणि दुकानं ज्यावर चालत होती, त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. इतकं कमी देताना कंपन्यांना कुठला परवाना मोडावा लागला नव्हता. माझं पान अगदी बिनचूक असू शकतं आणि तरी पलीकडे एखादा माणूस रात्री, नोकरीहून आल्यावर, एकट्याने आमचा पाया सांभाळत असतो. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून परवान्यांच्या तक्त्यात मी आणखी एक रकाना ठेवते: हे कोण सांभाळतं, आणि आपण त्यांना काय परत पाठवलं? वकील तो पाहत नाहीत. व्यवस्थापकांशी मी त्यावरून वाद घालते. दोष आपण दुरुस्त केला असेल तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे गेलीच पाहिजे, आणि त्याला लागणारे तास कामाच्या अंदाजात आधीच धरले पाहिजेत.

युरोपच्या २०२४ च्या सायबर रेझिलियन्स कायद्याने हे आता बंधनकारक केलं आहे. घेतलेल्या घटकात दोष सापडला तर उत्पादकाने तो सांभाळणाऱ्याला कळवायचा, आणि दुरुस्ती केली असेल तर तिचा कोड किंवा कागदपत्रंही द्यायची. डिसेंबर २०२७ पासून तिथे या कायद्याखाली येणारी डिजिटल उत्पादनं विकणाऱ्या कंपन्यांना तो रकाना भरावा लागेल.