हप्ता कमी, कर्ज लांब

२०२५ चा पावसाळा. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत होतं. भामरागडला जायची वाट बंद, म्हणून शाळेत जाणं नाही. हेमलकशातल्या भाड्याच्या खोलीत मी मोबाईलला रेंज यायची वाट बघत बसलो होतो. रेंज आली आणि पाठोपाठ नागपूरहून एका एजंटचा फोन.

"सर, तुमचं होमलोन आमच्याकडे आणा. महिन्याला जवळपास चार हजार वाचतील."

चंद्रपूरच्या घरासाठी मी २०१७ मध्ये कर्ज घेतलं. अब्बांना ते पटलं नव्हतं. सूद हा शब्दच त्यांच्या घशाखाली उतरत नसे. तरी नव्या घरातल्या कुरआनखानीला ते आले आणि एकच दुआ मागितली, की मी या कर्जातून लवकर मोकळा व्हावं. आज अब्बा नाहीत, कर्ज आहे.

चार हजार म्हटल्यावर मन हललंच. पण मुलांना गणित शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचं गणित न करता सही कशी करायची? वहीचं मागचं पान उघडलं.

बाकी बारा लाख, मुदत दहा वर्षं, दर साडेनऊ टक्के, हप्ता १५,५२८ रुपये. नव्या बँकेचा दर सव्वाआठ. मुदत तीच ठेवली तर हप्ता १४,७१८. म्हणजे वाचतात ८१० रुपये, चार हजार नाहीत! मग एजंटचे चार हजार आले कुठून? त्याने मुदत गुपचूप पंधरा वर्षांची केली होती. हप्ता ११,६४२ वर येतो खरा, पण एकूण भरणा १८ लाख ६३ हजारांवरून जवळपास २० लाख ९६ हजारांवर जातो. दर कमी होऊनही सव्वादोन लाखांहून अधिक सूद जास्त, आणि पाच वर्षं जास्त कर्जदार.

मुदत न वाढवता बदलायचं म्हटलं तरी खर्च होताच. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, हे खरं. पण प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन, मुद्रांक आणि चंद्रपूरच्या खेपा धरून बावीस हजार होत होते. ८१० ने भागलं तर सव्वादोन वर्षं निव्वळ खर्च भरून निघण्यात जाणार.

मग वाटलं, आधी आपल्याच बँकेला का विचारू नये? माझं कर्ज जुन्या एमसीएलआर पद्धतीचं, दर वर्षातून एकदाच बदलणारा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात, आणि जुन्या कर्जदारालाही तिकडे जाता येतं. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला होता. बँकेने साडेआठ टक्के सांगितलं, शुल्क सहा हजारांच्या आत. मात्र हा दर उतरतो तसा चढतोही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच रेपो चारवरून साडेसहावर गेला होता.

संध्याकाळी शेजारचे माडिया काका आले. वही बघून म्हणाले, "गुरुजी, घर बँकेचं की तुमचं?" त्यांच्याकडे वनहक्काचा पट्टा आहे. २००६ च्या कायद्याने ती जमीन मुलांकडे जाते, पण विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. मुलीच्या दवाखान्याच्या वेळी त्या पट्ट्यावर त्यांना छदामही मिळाला नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला, त्यांना कदाचित माझा वाटला असेल.

पाणी उतरल्यावर मी चंद्रपूरला जाऊन आपल्याच बँकेत दर बदलून घेतला. हप्ता १४,८७८ झाला असता, तो मी मुद्दाम जुनाच १५,५२८ ठेवला. दर असाच राहिला तर एकशेवीसऐवजी एकशेतेरा हप्ते.

सुदाच्या कर्जात आहे ते आहेच, त्याला मी हलाल म्हणत नाही. पण तुम्हीही माझ्यासारखे अडकला असाल, तर फोनवर कुणी "किती वाचतील" सांगू लागलं की आधी एक विचारा: सुटका कधी? अब्बांनी दुआ हप्त्यासाठी मागितली नव्हती, सुटकेसाठी मागितली होती. ती सात महिने जवळ आली.