हार्ड डिस्कचा हयातीचा दाखला

बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर माणसाला एक वाक्य झोपेतसुद्धा बिनचूक म्हणता येतं : "सिस्टीममध्ये दिसत नाही." इतकं बिनतोड वाक्य मराठी भाषेत दुसरं नसेल. बोलणाऱ्याकडे दोष येत नाही, ऐकणाऱ्याला उत्तर सुचत नाही आणि सिस्टीम काही खुलासा करायला काउंटरवर येत नाही. हे वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडावर मारलं असेल त्याची नोंद नाही. पण एका शनिवारी, माझ्याच घरात, माझ्याच पैशांनी आणलेल्या यंत्राने ते माझ्या तोंडावर मारलं, ती नोंद मात्र मनात पक्की आहे.

त्याचं असं झालं. आमचे अण्णा, वय वर्षं ऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक, गेली काही वर्षं आठवणी लिहीत आहेत. कागदावर नव्हे, संगणकावर. जन्मापासून मॅट्रिकपर्यंत ते हळूहळू आले आणि १२ जुलै १९६१ या तारखेपाशी पोहोचले. पुण्याच्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. तीन आठवडे रोज संध्याकाळी ते जेवताना प्रगती सांगत. "आज पाणी लकडी पुलाला लागलं." आम्ही ताटावर बसून घाबरत असू. आणि नेमकं पाणी पुलावर चढत असताना संगणक बंद पडला. आतून जळकट वास आला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला असं सांगितलं आणि उत्तरकार्याला आल्यासारखा चेहरा करून चहा घेऊन गेला.

"नवा लॅपटॉप घ्या," सौभाग्यवती म्हणाली. घेतला असता हो. पण अण्णा ज्या मराठी प्रोग्रॅमवर लिहितात तो विंडोज एक्स.पी.च्या काळातला. त्याच्या फायली नव्या मशीनवर उघडल्या की पानशेतच्या पुराऐवजी रोमन अक्षरांचा पूर दिसतो, त्यातल्या निम्म्या अक्षरांच्या डोक्यावर टोप्या आणि पोटाखाली शेपट्या. पुन्हा त्या प्रोग्रॅमला एक कुलूप आहे. आगपेटीएवढा डबा, संगणकाच्या पाठीमागे पंचवीस पिनांच्या भोकात खोचायचा. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही. नव्या लॅपटॉपला तसं भोक नसतं. मजकूर नव्या लिपीत बदलून देणारी साधनं आहेत, असं माझा बंगलोरचा भाचा म्हणाला. नमुन्यादाखल एक पान त्याने बदलूनही दिलं. त्यात 'पूर' होता तिथे 'पुर' झालं होतं. अण्णांनी ते पान लाल पेनाने तपासून, दहापैकी चार गुण देऊन परत केलं.

"मला फक्त एक्स.पी.चं मशीन दे," ते म्हणाले. "आठवतंय तोवर लिहून होऊ दे. हल्ली घरांचा क्रम चुकतो माझा. आधी कुणाचा वाडा पडला, ते परवा आठवेना."

हे ते सहज म्हणाले. पण मी दुसऱ्याच दिवशी बाजारात गेलो.

पाठीमागे पंचवीस पिनांचं भोक असलेला एक जुना संगणक मिळाला. दुकानदाराने तो एका कचेरीतून निघाल्याचं सांगितलं. कचेरीतून निघालेल्या वस्तूबद्दल मला नेहमीच आपुलकी वाटते, मीही काही वर्षांनी निघणार आहे. अण्णांकडे एक्स.पी.ची मूळ सीडी होती. ती लोखंडी कपाटात रेशनकार्ड आणि आईच्या पाटल्यांच्या पावतीशेजारी ठेवलेली असते. सीडी घातली, निळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. मी अण्णांना खुर्ची दिली. आई हात पुसत आली. आणि पडद्याने इंग्रजीत सांगितलं की सेटअपला या संगणकात एकही हार्ड डिस्क सापडलेली नाही, सबब पुढे जाता येत नाही, बाहेर पडण्यासाठी एफ-तीन दाबा.

"म्हणजे?" आईने विचारलं.

"सिस्टीममध्ये दिसत नाही," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

मी कॉमर्सचा पदवीधर. एखादी गोष्ट सापडत नसेल तर ती आधी प्रत्यक्ष मोजून पाहायची, हे आमचं शास्त्र. पेटी उघडली. हार्ड डिस्क जागेवर होती, ५०० जी.बी. असं स्वच्छ लिहिलेलं. वायरी काढून पुन्हा खोचल्या. एक वायर बदलली. कान लावला तर आत गरगर फिरण्याचा आवाज, अंगाला हात लावला तर कोमट. थोडक्यात, नाडी चालू, अंगात ऊब, श्वास व्यवस्थित. पुन्हा सीडी. पुन्हा तेच : सापडली नाही. आणखी गंमत म्हणजे मशीन चालू होताना पहिल्या काळ्या पडद्यावर त्या डिस्कचं नाव आणि नंबर झळकून जात होता. म्हणजे मशीनला दिसते, एक्स.पी.ला दिसत नाही. साहेबाने ओळखावं आणि क्लार्कने ओळखू नये, असा हा प्रकार.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, डिस्क बरोबर आहे. एक्स.पी. २००१ चं आहे. तुझ्या मशीनमधली डिस्क ए.एच.सी.आय. नावाच्या पद्धतीने बोलते, ती पद्धत आली २००४ मध्ये. एक्स.पी.च्या सीडीवर ती भाषा समजणारा ड्रायव्हरच नाही. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तो आतच असतो."

मला नोव्हेंबर आठवला. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठा लावूनही देता येतो. गेल्या नोव्हेंबरात अण्णा माझ्याच शाखेत, माझ्याच काउंटरवर, छत्री घेऊन उभे होते. तीनदा अंगठा लावला, तीनदा मशीनने नाकारला. चाळीस वर्षं खडू धरून रेषाच झिजल्या होत्या. मागे रांग होती. मी म्हणालो, "अण्णा, पुन्हा लावा, दिसत नाहीये." ते म्हणाले, "अरे, मी दिसतोय ना तुला?" शेवटी कागदी दाखला भरला, आणि त्यात 'सदर इसम आज रोजी माझ्यासमोर हयात आहेत' अशा अर्थाच्या मजकुराखाली साहेबांची सही घेतली. सदर इसमांनी दुपारी घरी येऊन आईला सांगितलं, "तुझ्या मुलाने आज मला जिवंत केलं."

तर हार्ड डिस्कचंही तेच. हयात होती, समोर होती, अंगठा जुळत नव्हता.

यावर उपाय काय, तर सेटअप सुरू होताना पडद्याच्या तळाशी क्षणभर एक ओळ येते, तेव्हा एफ-सहा दाबायचं. दाबल्यावर काहीच होत नाही. माणूस तीन-चारदा दाबतो, तरी काही होत नाही. मग बऱ्याच वेळाने, आपण आशा सोडल्यावर, यंत्र सावकाश विचारतं की तुमच्याजवळ ड्रायव्हर आहे का. (सरकारी कचेरीत अर्जाची पोच अशीच मिळते.) आहे म्हटलं, की म्हणतं, फ्लॉपीत घालून द्या. पेन ड्राइव्ह चालत नाही, सीडी चालत नाही, फ्लॉपीच हवी, ती ए नावाच्या ड्राइव्हमध्येच हवी.

फ्लॉप्या घरात होत्या. अण्णांनी माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला, त्यात अकरा निघाल्या, एकीवर 'इयत्ता नववी ब, घटक चाचणी' अशी चिठ्ठी. फ्लॉपी होती, पण ती घालायचा ड्राइव्ह नव्या-जुन्या मशीनला नव्हता. वाटी आहे, आमटी आहे, तोंड नाही.

भाच्याने दुसरा उपाय सांगितला, तो ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी तयार करायची. एन-लाइट नावाचा प्रोग्रॅम हे करतो. मी दोन संध्याकाळी खटपट करून तीन सीड्या केल्या. पण माझ्या मशीनची चिप कोणती, ते आधी नेमकं माहीत हवं. मी जवळपासच्या नावाचा ड्रायव्हर घातला. आमच्याकडे एका नावाची दोन खाती असली की काय गोंधळ होतो, ते मला ठाऊक असायला हवं होतं. तिन्ही सीड्या आता बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगल्या आहेत.

"मामा," भाचा चौथ्या फोनवर म्हणाला, "मग सरळ बायॉसमध्ये जा आणि सॅटा मोड आय.डी.ई. कर. डिस्क जुन्या भाषेत बोलायला लागेल."

"हे तू पहिल्या फोनवर का नाही सांगितलंस?"

"डिस्क थोडी हळू चालते त्याने."

अण्णा दोन बोटांनी टाइप करतात. डिस्कने घाई करून जायचं कुठे होतं?

मशीन चालू होताच डिलीट दाबत राहिलो, करड्या पडद्यावर आलो, बाण खाली नेत नेत सॅटा मोड शोधला, ए.एच.सी.आय. होतं तिथे आय.डी.ई. केलं आणि एफ-दहा दाबून जतन केलं. एकूण वेळ दोन मिनिटं. सीडी घातली. डिस्क दिसली! फक्त ५०० जी.बी.च्या जागी एक लाख एकतीस हजार एम.बी.च्या आसपास. बँकेच्या माणसाला ठेवीचा आकडा एवढा उतरलेला पाहवत नाही. भाच्याने सांगितलं की अगदी पहिल्या एक्स.पी.ला १३७ जी.बी.पुढे मोजताच येत नाही, पत्ता लिहायचे रकानेच तेवढे. ते २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये वाढवले.

"माझं पुस्तक किती जागा घेतं?" अण्णांनी विचारलं.

पाहिलं. आजवरची सगळी प्रकरणं मिळून एका फ्लॉपीत मावली असती.

रात्री अकराला एक्स.पी.चं हिरवं कुरण पडद्यावर उगवलं. कुलूप खोचलं, प्रोग्रॅम उघडला, पेन ड्राइव्हवरचं प्रकरण आलं, शिरोरेषेसकट. अण्णांनी तेवढ्या रात्री चार ओळी लिहिल्या. इंटरनेटची वायर मात्र लावायची नाही, असं मी बजावलं. एक्स.पी.ची सुरक्षेची डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली आहे.

सकाळी मशीनने काहीतरी इंग्रजी वाक्य दाखवून एफ-एक दाबायला सांगितलं. मी न वाचता दाबलं. लोकांना 'वाचून सही करा' असं दिवसभर सांगणारा माणूस घरी काय करतो, ते पाहा. पुढच्या क्षणी निळा पडदा : एक शून्य, एक एक्स, मग सहा शून्यं आणि शेवटी सात-बी. सहा शून्यं मी फक्त दुसऱ्यांच्या खात्यांत पाहिलेली. अर्थ एवढाच की ज्या डिस्कवरून उठायचं तीच सापडत नाही.

बायॉसमध्ये गेलो. सॅटा मोड पुन्हा ए.एच.सी.आय.! मी आय.डी.ई. केलं, एक्स.पी. काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ए.एच.सी.आय. तिसऱ्या दिवशीही. घरातलं कुणीतरी रात्री उठून माझी नोंद फिरवत होतं. माझा संशय, खोटं कशाला सांगू, अण्णांवर गेला. त्यांनी माझ्याकडे नववी ब कडे पाहावं तसं पाहिलं.

चौथ्या सकाळी ते इंग्रजी वाक्य वाचलं आणि शेजारची तारीख पाहिली : १ जानेवारी २००९. तारीख मागे गेली म्हटल्यावर मात्र माझ्यातला क्लार्क जागा झाला. सेटिंग फिरवणारं कुणी नव्हतं. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बॅटरी असते, मशीनची वीज गेली तर ती तारीख आणि सेटिंगं धरून ठेवते. ती संपली होती. भिंतीवरचं बटण चालू असेल तर निभतं. आणि आमची आई गेली पन्नास वर्षं झोपण्यापूर्वी देवाला नमस्कार करून घरातलं प्रत्येक बटण बंद करत आली आहे.

"मी काही तुमच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही," आई म्हणाली. "मी भिंतीचं बंद करते."

आईची सवय मोडणं माझ्या अधिकारकक्षेत येत नाही. तपकीर गल्लीत गेलो, दोन हजार बत्तीस नंबरची बॅटरी घेतली, बसवली, तारीख लावली, आय.डी.ई. केलं. रात्री आईने बटण बंद केलं. सकाळी एक्स.पी. उठलं, आजच्या तारखेला.

अण्णा खुर्चीत बसले, चष्मा पुसला. मी मागे उभा राहिलो. पाणी आमच्या जुन्या वाड्याच्या दुसऱ्या पायरीवर होतं. त्यांची दोन बोटं थांबली, मग त्यांनी शेजाऱ्यांची नावं एकामागून एक टाइप केली, कोण कोणाला घेऊन गच्चीवर गेलं ते. क्रम बरोबर होता की नाही, ते सांगायला आता तेच एक आहेत.

थोड्या वेळाने मान न वळवता त्यांनी विचारलं, "ती बॅटरी किती दिवस जाते रे?"

"तीन-चार वर्षं जाते म्हणतात."

त्यांनी क्षणभर हिशेब केला.

"मग दोन आणून ठेव," म्हणाले.